धुरपताबाई भासऱ्याशी बोलली

मुर्री गावच्या धुरपताबाईनं लग्न झाल्यापासून भासऱ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही त्या पोवारांच्या घरची रीत. भासरा उदाराम अंगणात आला की ती पदर ओढून आत जायची.

२०१६ साली नवऱ्याला, चैतरामला, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत पसरलेला. नागपूरच्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध शरीरातल्याच पहारेकऱ्यांना जागं करतं. गुण येईलच असं नाही. पण सोबत जडीबुटी अजिबात नको."

उदारामनं मान डोलावली. अन् धुरपता देवळात गेली की भावाला दुधात जंगलातली मुळी उगाळून पाजू लागला.

एकदा आरती लवकर आटोपली, तेव्हा तिनं वाटी पाहिली. जाऊबाई सुशिलाबाईवर ती कडाडली, "सांगा त्यायले, डॉक्टरनं मना केलं ना!"

"तू लय शिकली का वो? सख्खा भाऊ का जहर देऊन राहिला?"

पुढच्या खेपेला चैतरामचे डोळे हळदीसारखे पिवळे.

"नव्या औषधानंच लिव्हर सुजलं असेल, तर ते कायमचं बंद करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरं काही दिलं का?"

"नाही जी. देवाचं तीर्थ बी नाही," उदाराम म्हणाला.

धुरपतेनं पदर मागं सारला. "खोटा आहे हा मानूस! मुळी पाजली यानं!"

औषध थांबवलं. लिव्हर सुधारलं तर पुन्हा देऊ, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते सुधारलंच नाही. धानाच्या रोवण्याआधी चैतराम गेला.

"औषधानं जगले असते का, बाई?" धुरपतेनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"ते आता कधीच कळणार नाही."

तिच्या काळजाला तेच डसलं.

तेरवीच्या पंगतीत उदाराम पहिल्या पाटावर बसला. तिनं त्याच्यापुढची पत्रावळ ओढली. "ऊठ. माह्या घरच्याच्या नावाचा घास तुह्या तोंडी नाही लागू देत."

"लाज सोडली का वो?" सुशिलाबाई ओरडली.

"लाज पाळली, म्हनून तर कपाळ पुसलं माहं."

तो उपाशी उठला.

दिवाळीला तो दाराशी येऊन रडला, "भल्यासाठीच केलं मी."

"माहीत आहे," ती म्हणाली अन् दार लोटलं.

दोन्ही घरांचं अंगण एकच. चैतरामची रिकामी खाट तिनं मुद्दाम उदारामच्या दारासमोर टाकून ठेवली आहे. रोज दिवा लावून ती हात जोडते, "देवा, भासऱ्याले लंबी उमर दे. डोळे शाबूत ठेव त्याचे."