हाताची घडी सुटली तेव्हा

कळसाडीच्या हेमकांत पाटलाला मास्तर व्हायचं वेड लहानपणापासूनचं. तोरणमाळकडच्या एका वस्तीशाळेवर नेमणूक झाली, तेव्हा गडी हरखून घाट चढला आणि सहा महिन्यांत पार खचला. अठरा पोरं, सगळी घरी पावरी बोलणारी. "हाताची घडी, तोंडावर बोट!" म्हटलं की वर्ग चिडीचूप व्हायचा, पण धडा संपल्यावर विचारावं, तर एकाला उत्तर येईल तर शपथ. तिसरीतली रमिला तर सदान्‌कदा खिडकीबाहेर. आपल्याला शिकवताच येत नाही, असं हेमकांतने मनाशी ठरवून टाकलं. येत्या सोमवारी बदलीचा अर्ज भरायचा आणि मोकळं व्हायचं.

त्याआधीच्या शुक्रवारी खिचडी रांधणाऱ्या गुलाबबाई तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली घेऊन थेट वर्गात शिरल्या. शेंगा त्यांच्याच शेतातल्या. "गुरुजी, एकटीने सोलून होणार नाही. पोरं द्या."

हेमकांत तडकला. "धडा चालू आहे बाई! आधीच मन्हं कोनी ऐकी नई ऱ्हायनं!" राग आला की त्याच्या तोंडी घरची अहिराणीच यायची.

गुलाबबाई शहाद्याच्या बाजारात शिकलेल्या मराठीत शांतपणे म्हणाल्या, "हात बांधल्यावर ऐकतील कशी? आमच्यात गोष्ट सांगायची तर आधी पुढ्यात काम ठेवतात. हात रिकामा राहिला की मन रानात जातं." टोपली जमिनीवर ओतून त्या चुलीकडे गेल्यासुद्धा.

पोरं शेंगांभोवती बसली. नाइलाजाने हेमकांतही बसला आणि मुंगीचा धडा पहिल्यापासून सांगू लागला. एकही पोर वर बघेना. संपलं सगळं, असं वाटून त्याने उगाच विचारलं, "मुंगीने दाणा कुठे लपवला?"

"दगडाखाली," रमिला म्हणाली. मान खालीच, बोटं शेंगेत. "पण पाणी आलं." पुढचं तिने पावरीत सांगितलं आणि शेजारणीने त्याचं मराठी केलं. मग बाकीचे बोलू लागले, ते थांबेचनात. हेमकांतच्या आता लक्षात आलं. पोरं ऐकत होती, आपणच त्यांचे हात बांधून ठेवले होते.

अर्ज काही भरला गेला नाही. शेंगा सरल्यावर चिंचोके आले, मग मणी आले, आणि हाताची घडी वर्गातून गेली ती गेलीच.

याला चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणात हेमकांतला आपली पद्धत लिहून द्यायला सांगितली. लिहिलेला कागद घेऊन तो चुलीपाशी गेला. गुलाबबाईंना वाचता येत नाही, म्हणून सातवीतल्या रमिलाने अडखळल्याशिवाय मोठ्याने वाचलं: "मार्गदर्शक, गुलाबबाई पावरा."

डोळे पुसून गुलाबबाईंनी तांदूळ घातलेलं सूप पुढ्यात ओढलं, खडे निवडायला घेतले आणि म्हणाल्या, "हां, आता पुन्हा वाच."