उतरली की चार्जिंग बंद

माह्या भावानं मले शहरातून एक जुनी सायकल आणून देली. तिच्या पुढच्या चाकाच्या मधात डायनॅमो होता, न् तिथून वायर वर हॅन्डलले, फोनापाशी. चाक जोरात फिरलं की फोन चार्ज, हळू झालं की बंद. गावातली डीपी जळलेली, लाइटच नाही, साऱ्याइचे फोन मेलेले. माहाच तेवढा जित्ता. मी दूरच्या वावरात मजुरीले जाओ, येता-जाता चार्ज करो. माहा तोरा काय सांगू बाप्पा!

पण सुनेनं मोठ्या माणसापुढून सायकलवर बसून जायचं नाही, खाली उतरून चालायचं, हे आमच्याकडं अजून हाय. न् गावात सुनेहून मोठं नाही असं कोण असते?

नवरा तवा नाशिककडं बांधकामावर होता. रोज दिवे लागणीले त्याइचा फोन ये. एका दिवशी सोयाबीनची सोंगणी आटपून सारं गावच रस्त्यानं घरी निंघालं. एक मामाजी गेले की चढो, तं दुसऱ्या आत्याबाई समोर. चढली, उतरली, चढली, उतरली. शेवटी कंटायली न् सायकल लोटत पैदलच घरी आली.

तेवढ्यात फोन वाजला. थे म्हणाले, "ठेकेदार म्हणते, गुजरातले चाल, वर्षभर काम हाय. गाडी पहाटंच निंघते. तू म्हणशीन तं घरी येतो. काय करू?"

"या! घरीच या!" मी वरडली. तिकडून आवाजच नाही. पाह्यलं तं फोन गेलेला.

रांगती पोरगी तापानं फणफणली होती, रातच्याले कुठं निंघू? पहाटे तिले सासूपाशी टाकून सायकल हाणली. फोन लागला तवा थे गाडीत बसले होते. "तू काही न बोलता फोन ठेवला," म्हणाले, "मले वाटलं, जा म्हणून राह्यली. आता ठेकेदाराले जबान देली."

लई रडली मी. राग कोणावर काढू? सासरे म्हणाले, "पोरी, उद्यापासून उतरू नको. कोणी बोललं तं मी पाहून घेतो." सांगायचं होतं तं आदल्या दिवशी सांगाचं ना! तवापासून मी नाही उतरत. अगाऊ म्हणतात, म्हणू द्या.

वर्षानं थे आले. पोरगी तवा अंगणात खेळून राह्यली होती. त्याइनं हात पुढं केले, तशी पोरगी पळतच घरात आली न् मले म्हणाली, "आई, पाहुना आला."