पेमाताईची स्वेटरं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या तीर्थपुरीला ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो — कुठून सुरू करू, तेवढंच कळत नाही.

मी आठवडी बाजारात घोंगड्या विकायचो. घोंगडीबरोबर थापा फुकट! आमच्या आज्याच्या कळपात लांडगा शिरला आणि मेंढरं सोडून घोंगडीच ओढून पळाला, कारण बिचाऱ्याला थंडी वाजत होती — हे ऐकायला माणसं घोळका करायची. घोंगडी कुणी घेवो न घेवो. काय दिवस होते ते! हिवाळ्याचं कोवळं ऊन, नव्या गुळाचा वास, आणि शेजारी पेमाताईची लाल-पिवळी स्वेटरं. आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात.

पेमाताई तिबेटची. लहानपणीच देश सोडून बर्फातून चालत आलेली. दर हिवाळ्यात स्वेटरं घेऊन यायची. पहिल्या साली तिला मराठीचे दोन शब्द येत नव्हते, चौथ्या साली माझ्या डब्यातला ठेचा खाऊन, नाक पुसत म्हणायची, "भाऊ, वहिनीनं कुणाचा राग ह्या मिरचीवर काढला?" त्या साली ती गावात खोली बघत होती — कायमची. म्हणायची, "इथं लोक मला नावानं हाक मारून राह्यले. अजून काय पायजे?"

मग — मग एका बाजारी तिनं बायकांना ती बर्फाची वाट सांगितली. बाप वाटेतच गेला, पुढं चुलत्यानं पाठीवर आणलं, तेही. माझ्यापुढचा घोळका हळूहळू तिकडं सरकला. माझा लांडगा अर्ध्यातच राहिला. तुम्हाला हसू येतंय? मला नव्हतं आलं. तिची खरी गोष्ट माझ्या थापेपेक्षा भारी निघाली होती.

चहाच्या टपरीवर मी आवाज खाली करून म्हणालो, "स्वेटरं घेता, पण येतात कुठून, इचारलं का? परदेशात मढ्याच्या अंगावरून काढत्यात म्हणं. धुऊन, इस्त्री करून!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ती थाप नुसती हसण्यासाठी नव्हती — हे माझं मला बराबर माहीत होतं.

आमच्याकडं मढ्याला शिवलेला माणूस अंघोळीशिवाय उंबरा ओलांडत नाही. पुढच्या बाजारी बाया स्वेटर उचलायच्या, हुंगायच्या, ठेवून द्यायच्या. एकीनं गेल्या साली घेतलेलं लेकराचं स्वेटर आणून पेमाताईपुढं टाकलं आणि हात धुवायला गेली. तिला खोली देणारी मालकीणही शब्द फिरवून बसली.

पेमाताईला काहीच उमजेना. शेवटी माझ्याकडंच आली. "भाऊ, कुणीतरी वंगाळ बोललंय. तू सांग ना लोकांना. तुझं सगळे ऐकतात."

एकच वाक्य होतं — मी खोटं बोललो. जन्मभर बडबडणाऱ्या माणसाला एक वाक्य जड होतं का?

"सांगतो, ताई. बिलकुल सांगतो."

तीन बाजार गेले. मी सांगितलं नाही. माझा घोळका मात्र परत आल्ता.

तिनं गठ्ठे बांधले, त्या दिवशी मीच ते जालन्याच्या बसवर चढवले. खिडकीतून ती म्हणाली, "भाऊ, ह्या गावात माझ्यासाठी तूच लई केलंस."

मी म्हणालो, "असू दे, ताई."