‘पहिलंच का?’

मैत्रिणींनो, दुपारी घरी आले तेव्हापासून मी नुसती बसून आहे.

सातव्या महिन्याच्या तपासणीला सासूबाईंसोबत देगलूरहून नांदेडला गेले होते. दवाखान्यात कुणीतरी विचारतंच, “पहिलंच का?” आणि सासूबाई दरवेळी सांगतात, “हाव, पहिलंच.”

खरं तर दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी पोटातच गेली. मी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलं होतं. बाळंतिणीनं असं लेकरू बघायचं नसतं म्हणे. त्यानंतर घरात कुणी तिचा विषयच काढला नाही.

आज बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी तेच विचारलं. मी मान खाली घातली.

“न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरं हाय. पहिली पोरगी होती. लई जावळ होतं तिला, पार कपाळावर आलेलं.”

जावळ होतं, हे मला आज कळलं. तेही त्या एका अनोळखी बाईला सांगत होत्या तेव्हा.

परतीच्या बसमध्ये कसंबसं विचारलं, “आई, तुम्ही बघितलं होतं तिला?”

“म्याच न्हाऊ घातलं की. माझ्याच साडीत गुंडाळलं.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “आता खोटं बोलवंना, पोरी.”

माझ्यासारखं कुणी असेल तर सांगा, ‘पहिलंच का’ म्हटल्यावर तुम्ही काय उत्तर देता? मी इथून पुढं ‘दुसरं’ म्हणणार आहे.

सासूबाई आत भाकरी थापतायत. माझ्या लेकीचं नाक कुणासारखं होतं, एवढं विचारायला उठायचंय.