फ्यूज पर्समध्ये घालून बसलेली वहिनी

कुकरची दुसरी शिटी होत होती तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ऋचा, माझी भाची. "आत्या, मम्मी गेली गं..." मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. मंगलवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, झोपेतच गेली. आयुष्यात तिनं कुणाची परवानगी मागितली नाही, जातानाही नाही. त्याला आता दीड महिना होऊन गेला. रडून झालं आहे. आता तिच्याबद्दल नीट सांगायचं ठरवलं आहे, कारण आमचे नातेवाईक अजूनही "फार हट्टी होती बाई" एवढ्यावर तिला निकालात काढतात.

वहिनी डभोईची. दादाचं बडोद्यात मांडवीजवळच्या गल्लीत वायरिंगचं दुकान होतं. घरांची कामंही तो घ्यायचा. नव्वदीच्या सुरुवातीला त्याला बाजव्याकडे कारखान्यात नोकरी लागली आणि दुकान बंद करायचं घाटू लागलं. वहिनी म्हणाली, "कशाला? मी चालवते." दुकानात बसून ती सगळं शिकली होतीच, वायरमनची परीक्षाही देऊन आली. आईनं विचारलं, "बाईमाणसानं शिडीवर चढायचं?" तर म्हणे, "साडी खोचून चढायचं." दादानं दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर जम बसला तर ठीक, नाहीतर कुलूप. बडोद्यात तेव्हा जिकडेतिकडे नव्या सोसायट्या उठत होत्या आणि प्रत्येकाला वायरी भिंतीच्या आत हव्या होत्या. वहिनीचं काम ठरलेलं. आधी भिंतीत पाइप, प्लास्टर वाळल्यावर त्यातून वायर, आणि जोड द्यायचा तो उघडता येणाऱ्या डबीतच, पाइपात कधीच नाही. एका कारागिरानं पाइपात जोड लपवला, तर तिनं सगळी वायर त्याला परत ओढून काढायला लावली. "जो जोड दिसत नाही तो उद्या दुरुस्त कोण करणार?" अर्थिंगची हिरवी वायर तर कुणाच्या बापाला चुकायची नाही. मी चिडवायचे, "आमटीत मीठ विसरशील, पण अर्थिंग नाही." ती म्हणायची, "मीठ वरून घालता येतं गं."

त्याच वर्षी नवरात्रात तिला एका मोठ्या गरब्याच्या मैदानाचं काम मिळालं. हे काम पार पडलं की दुकान राहणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बडोद्याचा गरबा मातीवर आणि अनवाणी. धूळ बसावी म्हणून संध्याकाळी टँकरनं पाणी मारतात. म्हणजे जमीन ओली, पाय उघडे आणि मुली हजारोंनी. म्हणून वहिनीनं सगळी केबल कडेकडेनं बांबूंवर, हात पोचणार नाही अशी उंच नेली होती. पहिल्या दिवशी दिवेलागणीला दादा, वहिनी आणि मी चणियाचोळीतल्या शाळकरी ऋचाला घेऊन पोचलो, तर दारात एका थंड पेयाच्या कंपनीची लोखंडी, झगमगीत कमान उभी! नवे प्रायोजक. त्यांच्या माणसांनी वहिनीच्या केबलवरून परस्पर वायर घेतली होती, पीळ मारून वर टेप गुंडाळली होती आणि ती वायर ओल्या मातीवरून, थेट येण्याजाण्याच्या वाटेतून कमानीपर्यंत नेली होती. वहिनीनं एकदा पाहिलं. बोर्डाकडे गेली, मेन स्विच पाडला, चिनीमातीचे फ्यूज उपसून पर्समध्ये घातले आणि खुर्ची ओढून बसली.

मंडळाचे प्रमुख जशुभाई धावत आले. "बेन, आ शुं कर्युं? आरतीनो टाइम थई गयो!"

"आरती तो दिवाथी थाय, जशुभाई. तमे करो. लाइट पछी."

जशुभाईंनी समजावलं, हात जोडले, मग आवाज चढवला. आवता वर्षे काम नहीं मळे, पुढल्या वर्षी काम विसरा, असं सर्वांदेखत बजावलं. दादाचा चेहरा उतरला. तिकडे ऋचाच्या मैत्रिणी बघत होत्या. ती रडकुंडीला आली. "मम्मी, दे ना गं फ्यूज! माझी लाज काढतेयस."

वहिनी तिच्या पायांकडे बघत राहिली. "तुझे पाय ओले आहेत," एवढंच म्हणाली. पर्स मांडीवरून हलली नाही.

शेवटी दादाच उठला. त्यानं शर्टाच्या बाह्या सारल्या आणि कुणाकडून तरी पहार घेऊन बांबूसाठी खड्डा खणायला लागला. मग मंडळाची पोरंही आली. तो जोड कापला, वायर वर चढली, कमानीला अर्थिंग झालं, वहिनीनं स्वतः तपासलं आणि मगच फ्यूज बसवले. गरबा उशिरा सुरू झाला. लोकांनी नावं ठेवली. पुढल्या वर्षी काम खरोखरच दुसऱ्याला गेलं. पण मुदतीच्या त्या दिवाळीत दादानं कुलपाचा विषय काढला नाही, आणि दुकान ती शेवटपर्यंत चालवत राहिली. मला तिचा तेव्हाही अभिमान वाटला होता, फक्त तो तिला सांगायचा राहिला...

यंदा घरात दुखवटा. गरब्याला जायचं नाही, असे नातेवाइकांचे फोन आले. ऋचानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आपला, लेकीचा आणि माझा पास काढून आणला. परवा आम्ही तिघी मैदानाच्या दाराशी पोचलो. आइस्क्रीमच्या गाडीची एक वायर पाणी मारलेल्या मातीवर आडवी पडली होती. मला ती दिसलीच नव्हती. ऋचा वाटेतच थांबली, दोन्ही हात पसरून. मागची रांग अडली, गलका सुरू झाला. "बेन, चालो ने, मोडुं थाय छे!" उशीर होतोय म्हणून कुणीतरी ओरडलं.

"थवा दो," ऋचा म्हणाली. "पहेलां वायर उपर."

मी तिच्या लेकीला कडेवर घेतलं आणि ऋचाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.