तुडुमाच्या तोंडाशी

मला पोहायला बाबांनी शिकवलं. कोंढ्याजवळच्या आमच्या गावात तलाव आहे आणि तलावाखाली आमची धानाची शेती. बाबा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून आकडे मोजायचे आणि मी पाण्याखाली. विसाच्या आत डोकं वर आलं तर म्हणायचे, "इतक्यातच? अजून हवा हाये छातीत. दाबून धर." मी पन्नासापर्यंत गेले त्या दिवशी त्यांनी मला खांद्यावर बसवून घरी नेलं. मी तेव्हा चांगली नऊ वर्षांची घोडी होते.

त्यांचा स्वतःचा दम तर गावात प्रसिद्ध होता. तलावातून शेताकडं पाणी सोडायचं तोंड पाळीच्या पायथ्याशी, पाण्याच्या तळाला असतं. त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. तुडुमात काही अडकलं की गाव बाबांना बोलवायचं. ते लंगोट लावून उतरायचे, एका श्वासात तळ गाठायचे आणि फांदी नाही तर पालापाचोळ्याचा गोळा हातात घेऊन वर यायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात.

मी आता पवनीच्या एका शाळेत खेळ शिकवते. एक्केचाळिसाव्या वर्षी जिल्ह्याच्या बचाव पथकात स्वयंसेवक म्हणून गेले, ते नदीच्या पुरात होड्या चालवायला माणसं हवी होती म्हणून. पुढं पथकातल्या काहीजणांना सिलिंडर लावून पाण्याखाली जायचं शिकवणार असं ठरलं आणि मी हात वर केला. सुट्टीत गावी गेले तेव्हा आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यासोबत तिळाचे लाडू दिले, म्हणजे परवानगी मिळाली असं मी समजले.

शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक कोकणातले सर आले होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. पोहण्याच्या तलावाच्या काठावर आम्हा आठजणांना बसवून त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं, "पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. खाली सिलिंडरमधली हवा छातीत घेतलीत आणि श्वास धरून वर आलात, तर ती हवा फुगते. फुप्फुसं फाटतात."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गडबडले. तोंडात हवेच्या नळीचा रेग्युलेटर, पाठीवर हवेनं भरलेला सिलिंडर, आणि पाण्यात डोकं गेलं की माझी छाती आपोआप कुलूप लावायची. सर येऊन माझ्या खांद्यावर टकटक करायचे. वर आल्यावर म्हणायचे, "बाई, मला बुडबुडे दिसू द्या. तुमचे बुडबुडे थांबले की माझा जीव वरखाली होतो." बत्तीस वर्षांची सवय मोडायला मला आठ दिवस लागले.

दुसरी फजिती अंगठ्याची. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. सरांनी विचारलं की ठीक आहे ना, तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल दाखवायचा. नुसता अंगठा वर केला तर त्याचा अर्थ, मला वर जायचंय. मी आनंदानं अंगठा दाखवायचे आणि सर मला हळूहळू, अगदी नियमानं, वर घेऊन यायचे. तीनदा आणलं. चौथ्यांदा खालीच हसू आलं, मास्कमध्ये पाणी शिरलं, आणि नाकानं हवा सोडून मास्क रिकामा करायचं जे दोन दिवस जमत नव्हतं ते तिथंच जमलं.

पाण्याखालचा माझा जोडीदार पवनीत पंक्चरचं दुकान चालवणारा. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई. पाण्याखाली एकट्यानं जायचं नाही, जोडीनंच जायचं, आणि उतरण्याआधी एकमेकांचं सगळं सामान तपासायचं, हा सरांचा दुसरा नियम. भाऊ माझ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला कान लावून ऐकायचा. "हवेचं मले सांगू नका ताई, जिंदगीभर हवाच भरून राहिलो," म्हणायचा. एकदा त्यानं खरोखरच फिसफिसणारं रबर ओळखलं. सरांनी ते बदललं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी घरी गेले की बाबांना सगळं सांगायचे. श्वास रोखायचा नाही हे ऐकून ते जेवता जेवता थांबले.

"रोखायचाच नाई? मंग मी तुले शिकवलं ते काय?"

मी म्हटलं, "ते बिनसिलिंडरचं, बाबा. तेही खरंच होतं."

त्यांना पटलं नाही. मग मी कानाचं सांगितलं. खाली जाताना कानात दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. दुखेपर्यंत थांबायचं नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. बाबांनी चिमटीत नाक धरून पाहिलं. मग डाव्या कानावर हात ठेवला. त्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, आम्ही ते म्हातारपण समजत होतो.

"एका सालची गोठ हाये," ते म्हणाले. "सर्दी होती. तुडुमाजवळ कानात सुया टोचल्यावानी झालं. वर आलो तं रगत. तुया मायले सांगतलं नाई."

आई चुलीपाशीच होती. तिनं सांगितलं, "मले माईत होतं. उशीवर डाग होता."

मी भात कालवत राहिले.

शिकणं संपून महिना झाला असेल. त्या पावसाळ्यात रोवणीच्या ऐन भरात पावसानं दडी मारली. तलाव भरलेला, पण शेतात चिखल करायला पाणी नाही, आणि पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, शेंडी पिवळी पडायला लागलेली. गावानं तुडूम उघडलं तर पाण्याची धार मनगटाएवढीच. आत काहीतरी अडकलं होतं, आणि त्यामुळं तुडुमाचं दारही परत बंद होत नव्हतं. रविवार होता, मी घरीच होते. दहाबाराजण अंगणात आले. आजवर ते बाबांकडं यायचे. त्या दिवशी माझ्याकडं बघत होते.

"बाई, तू तं शिकून आली. चाल, दहा मिनिटाचं काम."

मला जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावासमोर उतरायचं, बाबांच्या जागी. सगळ्यांसोबत पाळीवर गेले आणि तिथून सरांना फोन लावला.

त्यांनी एकच विचारलं, "पाणी वाहतंय?"

"थोडं वाहतंय, सर."

"मग नाही. तोंडाशी ओढ असते. हात गेला की अंग गेलं. सिलिंडर असो की नसो." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हणायला शिकलात की तुमचं शिकणं पूर्ण झालं समजा."

मी फोन ठेवला आणि सांगितलं, "मी उतरणार नाई."

कुणीतरी मागून हसलं. "एवढे पैसे सरकारनं कायले लावले मंग?" दुसरा म्हणाला, "बाबा तं लंगोटावर जात होते." माझे कान तापले. तेवढ्यात पाहते तर बाबा सदरा काढत होते. अडुसष्ट वर्षांचे.

"बाबा, काय करून राहिले?"

"तू नको जाऊ. मी जातो."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले, आणि तेही गावासमोर. "ओढ हाये तिथं! तुमाले माईत नाई का?"

ते एकदम सैल झाले. सदरा हातातच. मग हळू आवाजात म्हणाले, "माईत हाये."

त्यांनी उजव्या कोपरावरची पांढरी रेघ दाखवली. लहानपणापासून मी ती पाहत आले होते. विळ्यानं कापलं, असंच ते सांगायचे. एकदा तुडुमानं त्यांचा हात खांद्यापर्यंत आत ओढला होता. पायानं भिंतीला रेटा देऊन त्यांनी तो सोडवला, कातडी तिथंच राहिली. वर आल्यावर फांदी दाखवली, हात दुपट्ट्यात गुंडाळला. कुणाला काही कळलं नाही.

मग बाबांनीच एक काम केलं. लांब बांबूच्या टोकाला आपला दुपट्टा बांधला आणि पाळीवरून तो खाली तुडुमाच्या तोंडाकडं सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग बांबूला असा हिसका बसला की धरणाऱ्या दोघांचे पाय घसरले. दुपट्टा गेला, तो गेलाच. मघाशी हसलेला माणूस बांबूच्या उघड्या टोकाकडं बघत राहिला.

"आता बोला," बाबा म्हणाले.

उपायही त्यांनाच सुचला. पाळीच्या बाहेरच्या बाजूला, जिथं तुडुमाच्या नळातून पाणी पाटात पडतं, ते तोंडच बुजवायचं. "भायेरून बंद केलं तं अंदरची ओढ मरते," ते म्हणाले. मी पुन्हा सरांना फोन केला. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, मी एकेकाचं उत्तर बाबांना विचारून सांगितलं, आणि शेवटी ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. पण उतरण्याआधी पुन्हा कापड सोडा, ते ओढलं न जाता नुसतं लटकतंय हे दोनदा बघा. जोडीदार आणि दोर असल्याशिवाय नाही. आणि तुम्ही दोघं बाहेर येईपर्यंत त्या पोत्यांना कुणी हात लावायचा नाही."

गाव कामाला लागलं. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरली, फळी लावली, फळीला मागून लाकडाचे टेकू दिले. संध्याकाळपर्यंत पाटातलं पाणी थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पथकाची परवानगी घेऊन गाडीतून सिलिंडर आणि दोर घेऊन आला. बाबांनी या वेळी आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांबूला बांधली. ती खाली जाऊन नुसती लटकली. दोनदा पाहिलं, मग मी आग्रहानं तिसऱ्यांदा.

आम्ही दोघांनी एकमेकांचं सामान तपासलं. माझ्या दोराचं टोक बाबांकडं. एक ओढ म्हणजे ठीक, सतत ओढ म्हणजे वर घ्या, हे त्यांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते चिडले.

तलाव तिथं दोन पुरुष खोल. एक हात खाली गेलं की चहासारखं पाणी, दोन हातांवर काळोख. नाक दाबून कान मोकळे करत उतरले. भाऊचा हात माझ्या खांद्यावर. दगडी कड लागली, मग तोंड. तिथं एक खोडाचा तुकडा आडवा बसला होता आणि त्याला खताचं पोतं गुंडाळलेलं. आम्ही चाचपडत पोतं सोडवलं, खोड हलवलं, फिरवलं, पुन्हा हलवलं. वरून दोराला दर मिनिटाला एक ओढ. मी एक परत द्यायचे. सरांनी एवढ्या वेळा विचारायला सांगितलं नव्हतं.

खोड निघालं. पोत्यासोबत बाबांचा दुपट्टाही आला, चिखलानं काळा झालेला. आम्ही हळूहळू वर आलो. काठावर लोक ओरडत होते, बाबा ओरडत नव्हते. ते दोराचं नीट वेटोळं करून ठेवत होते, आणि वेटोळं जमत नव्हतं.

दुपारी बाहेरची पोती काढली तसा पाट भरून वाहू लागला. लोक आपापल्या बांध्यांकडं, धानाच्या खाचरांकडं पळाले. पाळीवर आम्ही तेवढे उरलो. आईनं तिथंच भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती. भाऊ दोन भाकरी खाऊन झाडाखाली आडवा झाला.

बाबांनी सिलिंडरकडं बोट केलं. "मले लावून दे एक डाव."

"नाई. शिकल्याबिगर नाई."

"बरं, तो चष्मा तरी दे."

मास्क दिला. ते ढोरं पाणी पितात त्या उथळ काठाला, कमळाच्या देठांपाशी गेले, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि तोंड बुडवलं. बराच वेळ वर आले नाहीत. मी उठलेच होते, तेवढ्यात त्यांनी मान काढली.

"पोरी, पिल्लं हायेत मासोळीची. देठाले चोचा मारून राहिले." मास्कमागं डोळे मोठे झाले होते. "इतके साल आलो या पाण्यात, पाहलं कायबी नाई. सारं हातानंच."

पुन्हा बुडवलं. पुन्हा वर. "एक लाल शेपटीची हाये."

आईनं डबा बांधता बांधता हाक मारली, "निंगा आता, पडसं होईन."

ते निघाले नाहीत. मग आईच उठली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरली आणि हात पुढं केला.

"आना इकडं. कोनती लाल शेपटीची, मले पाहू द्या."

बाबांनी मास्कचा पट्टा तिच्या अंबाड्यावरून नीट बसवून दिला, आणि ती वाकली तेव्हा तिचा दंड घट्ट धरून ठेवला.