ग्राउंडचं ग्राउंडला

अक्कांशी माझी ओळख चपलेवरून झाली. नागपूरहून बंगळुरूला येऊन मला फार दिवस झाले नव्हते, राजाजीनगरच्या एका शाळेत हिंदी शिकवायला नुकतीच लागले होते. उशीर झाला म्हणून मी फाटकातून सरळ ग्राउंड तुडवत निघाले, तर मागून कन्नडमध्ये कुणीतरी खेकसलं. मला एक अक्षर कळलं नाही. "आता काय झालं बाप्पा," असं मी स्वतःशीच पुटपुटले आणि खेकसणाऱ्या बाईंचा चेहराच बदलला. "आमच्यातलीच आहेस की," त्या म्हणाल्या. "मग तर तुला कळायला पाहिजे. चप्पल काढ. देवळात घालून जातेस काय?"

त्या म्हणजे सुमित्रा घाटगे, शाळेच्या पीटी टीचर. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, गळ्यात शिट्टी आणि ग्राउंडवर असल्या की पायात काही नाही. पोरीबाळी, शिपाई, भाजीवाले, सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी मिसळलेली की कुठलं कुठं संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. 'जरा थांब' त्या कधी म्हणाल्याच नाहीत, 'स्वल्प थांब' म्हणायच्या. माझ्या मराठीला त्या पाहुण्यांची मराठी म्हणायच्या आणि मला नावानं हाक न मारता सरळ 'नागपूर' म्हणायच्या. "ए नागपूर, डबा आणलीस काय? वडाभात आहे? सरी, इकडे आण."

त्यांचा जीव होता मुलींच्या खोखोवर. मॅट नको, बूट नको, माती आणि उघडे पाय. "पायाला माती लागल्याशिवाय पाय शहाणा होत नाही," हे त्यांचं म्हणणं. पोरीच्या पायात काटा, कुसळ, काही घुसलं की तिला खांबाशी टेकवून बसवायच्या, ओढणीला कायम लावलेली सेफ्टी पिन काढायच्या, दोन बोटांत कातडी धरून काटा उपसायच्या आणि तो मातीत भिरकावत म्हणायच्या, "ग्राउंडचं ग्राउंडला." मग हळदीचं बोट, आणि पोर परत पाटीवर. रडायची सोय नव्हती. स्वतःच्या पायालाही त्यांचा हाच कायदा होता.

अशी बाई एक दिवस लंगडायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी यायचं. मग थोडं चाललं की बरं वाटायचं, आणि दुपारी ग्राउंडवर उभं राहिलं की परत कळ. खांबाजवळचा सूर कसा मारायचा ते त्या पोरींना स्वतः मारून दाखवायच्या, ते बंद झालं. प्रिन्सिपॉलांच्या नजरेतून हे सुटणार थोडंच होतं. त्यांनी अक्कांना केबिनमध्ये बोलावून गोडीगुलाबीनं सांगितलं, "पाय बरा होईपर्यंत लायब्ररीत बसा. वर्षाच्या शेवटी बघू, ग्राउंडचं काय करायचं ते." अक्का बाहेर आल्या तेव्हा मी दारातच होते. "ऐकलीस? 'बघू' म्हणतो. ग्राउंड काय याच्या सासऱ्याचं आहे?" म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. पाय वेळेत बरा झाला नाही तर ग्राउंड जाणार, हे आम्हाला दोघींनाही कळलं होतं.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. मोठं हॉस्पिटल, काचेची दारं, टोकन. सोबतीला मी. डॉक्टरांनी अक्कांकडे पाहिलं ते टेबलापलीकडूनच, आणि पायाकडे नाही, पोटाकडे पाहिलं. "एज आणि वेट, मॅडम." संपलं निदान. माणूस जाड दिसला, त्यातून बाई, त्यातून पन्नाशीची, की या लोकांना तपासायचे कष्टच उरत नाहीत. एक्स-रे काढला, त्यात टाचेचं हाड थोडं वाढलेलं निघालं, आणि डॉक्टरांना कोण आनंद. आता हे हाड पुष्कळ लोकांचं वाढलेलं असतं आणि ते ठणठणीत फिरतात, हे मला पुढे कळलं. पण सापडलं ना काहीतरी, मग तेच दुखणं. खाली वाकून, पायाला हात लावून 'नेमकं कुठे दुखतं हो?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? तेवढा त्यांना नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं अक्कांनी केलं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नंतर प्रत्येकानं त्यांनाच बोल लावला. मऊ चपला घेतल्या. गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवली. रात्रीची भाकरी बंद केली. टाचेत सुई घेतली. सुईनं थोडे दिवस बरं वाटलं, मग दुखणं परत आलं, उलट वाढून आलं. पुन्हा गेलो तर डॉक्टर म्हणाले, "डाएट नीट करत नसाल."  बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "पाय माझा, दुखणं माझं, आणि खोटं पण मीच बोलते, हौदा? असंच ना?"

तिकडे लायब्ररीत त्या कपाटांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसायच्या. खिडकीतून ग्राउंड दिसायचं. पोरी आपल्या आपण खेळत होत्या तोवर ठीक होतं, हळूहळू त्याही कमी झाल्या. कुणी चुकीचा खो दिला की अक्का आतूनच काचेवर नखानं टकटक करायच्या. मला ते बघवत नसे. मी उगाच काहीतरी पुस्तक मागायला जायचे आणि न घेता परत यायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा सुई काढली तेव्हा अक्का टेबलावरून खाली उतरल्या. "स्वल्प थांबा डॉक्टर. आत काय आहे ते न बघता सुम्ने, उगाच, किती टोचणार?" डॉक्टर म्हणाले, टाचदुखीला स्कॅन लागत नाही, हे दुखणं असंच जातं, वेळ लागतो. "वेळच नाही माझ्याकडे," अक्का म्हणाल्या. "सोनोग्राफी लिहून द्या." डॉक्टरांनी तोंड वाकडं करून कागदावर 'उजवी टाच' लिहिलं आणि तो कागद आमच्याकडे असा सरकवला, जणू आम्ही त्यांचा अपमान केला होता.

बंगळुरूतल्या शिवाजीनगरला बसस्टँडमागच्या गल्लीत, पंक्चरवाला आणि बिर्याणीच्या हॉटेलाच्या मधोमध एक जुनं स्कॅनिंग सेंटर होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई साठीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक. त्यांनी अक्कांना पालथं झोपवलं, पावलं खाटेच्या कडेबाहेर काढायला लावली आणि मशीनला हात लावायच्या आधी म्हणाल्या, "एका बोटानं दाखवा. एकाच बोटानं. कुठे?" अक्का अर्धवट वळल्या आणि बोट ठेवलं. ते टाचेवर नव्हतंच. टाचेच्या पुढे, तळव्याच्या खोलगट कमानीत होतं. मी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "कागदावर टाच आहे," मी म्हटलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "दुखणं कागदाला नाही झालेलं."

तरी त्यांनी आधी टाच पाहिली, नीट, वेळ घेऊन. मग डाव्या पायाची टाच पाहिली आणि दोन्हींत काही फरक नाही म्हणाल्या. टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा असतो, तो पडद्यावर मलाही दाखवला, धड होता. मग अक्कांचं बोट होतं तिथे मशीन आणलं आणि हात थांबला. पडद्यावर एक बारीक, सरळ, चमकती रेघ आणि तिच्याभोवती काळसर कडं. "तुमच्या पायात कधी लाकूड घुसलं होतं?" त्यांनी विचारलं. "एक्स-रेत लाकूड दिसत नाही. यात दिसतं."

अक्कांनी उशीतून तोंड वर काढलं. मग म्हणाल्या, "खांब." सुट्टीनंतर खोखोचा जुना खांब उपटून नवा बसवला होता. उपटताना तो तडकला आणि त्याची ढलपी पायात गेली. त्यांनी नेहमीसारखी पिन काढली, ढलपी उपसली, ग्राउंडचं ग्राउंडला केलं, हळद लावली आणि खांब रोवला. एवढ्याशा गोष्टीची आठवण ठेवायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. "सगळं निघालं वाटलं की," त्या म्हणाल्या. "मीच विसरले. आणि कुणी विचारलं पण नाही." मला मात्र त्या खोलीत रडू फुटलं, आणि ते रागाचं होतं. एवढे महिने एक बाई पायात लाकूड घेऊन फिरते, आणि सगळे मिळून तिला भाकरी सोडायला सांगतात.

एका छोट्याशा ऑपरेशनमध्ये ते निघालं. नखाएवढा तुकडा, काळा पडलेला. अक्कांनी तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून मागून घेतला. जखम भरली, आणि एका सकाळी त्यांनी मला फोन करून सांगितलं, "नागपूर, खाली पाय ठेवली. काही नाही झालं."

आम्ही आधी गेलो हाडांच्या डॉक्टरांकडे. जायचं काही कारण नव्हतं, पण अक्का हट्टाला पेटल्या होत्या. टोकन घेऊन, रांगेत बसून, नंबर आल्यावर त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "डॉक्टर, तुम्ही म्हणालात वय. हे बघा माझं वय." डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. "तुम्ही हे घुसल्याचं सांगितलंच नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही बोट ठेवायला सांगितलंच नाही," अक्का म्हणाल्या. डॉक्टर हसले. माफी नाही, अरेरे नाही, हसले. म्हणाले, "एनीवे मॅडम, आता सगळं फाइन ना?"

सगळं फाइन नव्हतं. अक्का ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, तेवढ्यात शाळेनं ग्राउंड एका क्रिकेट अकॅडमीला दिलं होतं. खांब उपटले, मातीवर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं, भोवती जाळी लावली. प्रिन्सिपॉल म्हणाले, "तुम्हीच सांगा, पीटी टीचरच चालू शकत नव्हत्या, आम्ही थांबणार किती?" अक्का पाय आपटून म्हणाल्या, "आता चालते की." प्रिन्सिपॉलांनी फक्त खांदे उडवले. अक्का उठल्या आणि तडक ग्राउंडकडे निघाल्या, मी मागोमाग. फाटकाशी सवयीनं त्यांनी चपला काढल्या. अकॅडमीच्या गार्डनं हात आडवा केला. "अक्का, अनवाणी चालत नाही. बूट लागतात आत."

 अक्कांनी पर्समधून ती बाटली काढली, झाकणाला हात घातला, जाळीतून आतल्या हिरव्या गवताकडे बघितलं आणि बाटली परत ठेवून दिली. "टाकायला माती कुठाय?" त्या हळूच म्हणाल्या. त्या महिन्यातच त्यांनी नोकरी सोडली आणि कोलारकडे धाकट्या बहिणीच्या गावी राहायला गेल्या. मीही पुढे नवऱ्याच्या ऑफिसपायी सर्जापूर रोडला आले. इथे आमच्या कॉम्प्लेक्समध्ये माती फक्त कुंड्यांत असते.

परवा माझ्या सासूबाई टाच दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेल्या आणि चपलांचं नाव लिहून घेऊन परत आल्या. मी त्यांना तिथल्या तिथे पलंगावर पालथं झोपवलं आणि म्हटलं, "आई, एका बोटानं दाखवा." त्यांना वाटलं सुनेला वेड लागलं. दाखवलं त्यांनी. मी त्यांना त्याच शिवाजीनगरच्या बाईंकडे घेऊन गेले. सासूबाईंचं मात्र टाचेचंच होतं, साधं, चपलांनी बरं होणारं. काही हरकत नाही. बघून सांगितलं ना, तेवढंच मला हवं होतं.

त्या दिवशी शिवाजीनगरहून परतताना बसमध्ये मी अक्कांना हे सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितलं. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. मागे पोरींचा कल्ला, 'खो, खो' असा, आणि वाऱ्याचा आवाज. "नागपूर, इथल्या शाळेत पोरींना घेते आता, सुम्ने, पगार नाही. माती लाल आहे, चांगली आहे. काल खांब रोवला." मग कुणाला तरी 'पाटीवर बस' असं ओरडून त्या पुढे म्हणाल्या, "त्या खड्ड्यात घातलं ते बाटलीतलं. ग्राउंडचं ग्राउंडला."

अक्कांचा राग तिथे संपला असावा. माझा नाही संपला.